दोन जे. जे. आणि एक हिरवा बंगला

शनिवार

कोल्हापुरातून रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसलं की मिरजेपर्यंत गप्पा, साताऱ्यापर्यंत डुलक्या आणि पुण्यापुढे कुणाचं तरी घोरणं, हा क्रम ठरलेला. या खेपेला घोरणारे काका वरच्या बर्थवर होते. खंडाळ्याच्या घाटातसुद्धा त्यांचा ताल चुकला नाही. धाकटी बहीण डोंबिवलीला राहते, म्हणजे शहाण्या माणसानं कल्याणला उतरावं. मी पिशवी मांडीवर घेऊन बसूनच राहिले. तिचा फोन आला, “आक्का, उतरलीस का गं?” म्हटलं, “नाही, मला व्हीटीचे मोर बघायचेत.” पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही.

मोर आहेत की. सीएसएमटीतून बाहेर आले, रस्ता ओलांडून महापालिकेच्या बाजूला उभी राहिले आणि चष्मा पुसून वर बघत बसले. मोर आहेत, माकडं आहेत, वेली आहेत, फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह आणि दुसरीकडे वाघ. ही इमारत १८७८ साली सुरू झाली आणि पुरी व्हायला दहा वर्षं गेली. आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा, हे सगळे सांगतात. पण दगडातली ही पानं-पाखरं इथून चालत पाच-सात मिनिटांवर असलेल्या जे. जे. आर्ट स्कूलच्या पोरांनी कोरली, त्यांचे मास्तर जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. मला एकाच गोष्टीचं अप्रूप वाटलं. एक पान दुसऱ्यासारखं नाही. आमच्या संकल्पचित्राच्या पेपरात पोरं एक पान काढतात आणि तेच ट्रेसिंगनं चार कोपऱ्यांत छापतात.

सांगायचं राहिलं. मी तीस वर्षं हायस्कुलात चित्रकला शिकवली. वेळापत्रकात ‘चित्रकला’, तोंडात मात्र सगळ्यांच्या ‘ड्रॉइंगच्या बाई’. दर वर्षी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला मुलं बसवायची, फॉर्म भरायचे, कागदांचे गठ्ठे शिवायचे. या परीक्षांची परिपत्रकं कला संचालनालयाकडून यायची आणि त्यांच्या माथ्यावर एकच पत्ता असायचा, सर ज. जी. कला महाविद्यालय आवार, डॉ. दादाभाई नौरोजी मार्ग, मुंबई. तीस वर्षं तो पत्ता मी लिफाफ्यांवर लिहिला. आवारात पाय मात्र कधी ठेवला नाही. बारावीनंतर एकदा विषय निघाला होता. वडील म्हणाले, “मुंबईत पोरीला ठेवायची कुठं?” विषय मिटला. कोल्हापुरातच एटीडी, म्हणजे चित्रकला शिक्षकाची पदविका केली, नोकरी लागली.

आता निवृत्त झाले, आणि माझा एक विद्यार्थी त्याच आवारात, जे. जे.त, शिल्पकलेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. शाहूवाडीकडच्या एका वाडीतला पोरगा. ‘बाई, तुम्ही या, मी गेटवर सांगून ठेवतो,’ असं तीन वर्षं म्हणत होता. या जानेवारीत मी खरंच निघाले.

मोर बघून झाल्यावर लोकल धरली. डोंबिवलीला पोचून जेवले आणि संध्याकाळपर्यंत झोपले. शनिवारचं एवढंच.

रविवार

रविवारी मुंबईकर घराबाहेर पडत नाही, कारण मेगाब्लॉक. बहीण म्हणाली, “आक्का, आज नको.” मी म्हटलं मला कुठं साहेबाला तोंड दाखवायचंय. भायखळ्याला पोचायला रोजच्यापेक्षा दुप्पट वेळ लागला. फलाटावर उभं राहून वडापाव खाल्ला, तो चांगला होता.

राणीच्या बागेतलं म्युझियम म्हणजे भाऊ दाजी लाड संग्रहालय. १८७२ साली लोकांसाठी उघडलं तेव्हा नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट. १९७५ साली डॉ. भाऊ दाजींचं नाव मिळालं, आणि ते रास्तच झालं, कारण हे संग्रहालय उभं राहावं म्हणून खपलेल्यांत ते पुढे होते. बाहेर घारापुरीचा तो दगडी हत्ती उभा आहे, ज्याच्यावरून पोर्तुगीज बेटालाच एलिफंटा म्हणू लागले. मूळचा काळा घोडाही इथंच, पाठीवर राजपुत्रासकट. ज्या चौकाला त्याचं नाव आहे तिथं आता बिनस्वाराचा नवा घोडा आहे.

आत गेल्यावर मी एका कपाटापुढे थांबले ती थांबलेच. मातीची भांडी, निळी-हिरवी झिलई, अंगावर अजिंठ्याच्या नक्षीतल्या वेली. खाली लिहिलंय, बॉम्बे स्कूल ऑफ आर्ट. एकोणिसाव्या शतकाच्या सत्तरीत जॉर्ज टेरी नावाच्या मास्तरांनी आर्ट स्कूलमध्ये मातीकाम सुरू केलं, त्यातली ही. झिलईची रीत सिंधची, नक्षी अजिंठ्याची, हात मुंबईतल्या पोरांचे आणि गिऱ्हाईक बहुतेक साहेब. उद्या ज्या आवारात जायचं होतं ते एक दिवस आधीच काचेआड भेटलं. वरच्या मजल्यावर मातीच्या लहान लहान मूर्ती आहेत, नाना जातीजमातींची माणसं, त्यांच्या पगड्या, त्यांचे धंदे. त्यामागेही तीच शाळा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आर्ट स्कूलचे प्रमुख सेसिल बर्न्स हेच या संग्रहालयाचे क्युरेटर होते. एका मूर्तीच्या पगडीचे वेढे मी मोजले. नख मावणार नाही एवढ्या जागेत नऊ.

बाहेर आले तर चार वाजलेले. वाटलं, आर्ट स्कूल आजच बाहेरून तरी बघून घ्यावं. टॅक्सीला हात केला, “जे. जे.” एवढंच म्हटलं आणि मागे टेकले. थोड्याच वेळात त्यानं गाडी थांबवली, माझ्याकडं वळून बघितलं आणि फार मायेनं विचारलं, “पेशंट कौन है, अम्मा?” समोर जे. जे. हॉस्पिटलचं फाटक.

चूक त्याची नव्हती. मुंबईत नुसतं ‘जे. जे.’ म्हटलं की हॉस्पिटलच. माणसं मरायला टेकतात तेव्हा तिथं जातात, आर्ट स्कूलला कोण जातंय? ‘जे. जे. फ्लायओव्हर’ म्हणतात तो उड्डाणपूल या हॉस्पिटलच्या चौकापासून निघतो आणि मोहम्मद अली रोडवरून क्रॉफर्ड मार्केटपाशी, म्हणजे आर्ट स्कूलच्या जवळ उतरतो. एका जे. जे.पासून दुसऱ्या जे. जे.पर्यंत.

आणि दोन्ही एकाच माणसाची. सर जमशेटजी जीजीभॉय, जन्म १७८३. घरची गरिबी, मामांच्या बाटल्यांच्या धंद्यामुळं ‘बाटलीवाला’ हे नाव चिकटलेलं. चीनशी कापूस आणि अफूचा व्यापार करून अफाट पैसा मिळवला आणि मग तो हॉस्पिटलं, शाळा, विहिरी असा वाटत सुटले. हॉस्पिटल १८४५ साली सुरू झालं. १८५३ साली त्यांनी सरकारला कळवलं की चित्रकला आणि कारागिरी शिकवणारी शाळा काढत असाल तर मी एक लाख रुपये देतो. सरकारच ते, चार वर्षं गेली. २ मार्च १८५७ रोजी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधल्या जागेत शाळेचा पहिला वर्ग भरला. एका अर्थी महाराष्ट्रातल्या चित्रकलेच्या तासाचं पहिलं भांडवल अफूतून आलं, हे मुलांना सांगायचं की नाही, हे नोकरीत असते तर मुख्याध्यापकांना विचारावं लागलं असतं.

टॅक्सीवाल्याला पैसे दिले आणि भायखळ्याहून परत डोंबिवली.

सोमवार

पोरगा गेटवरच उभा होता. दाढी वाढलेली, पॅन्टीवर प्लास्टरचे पांढरे डाग. वाकून पाया पडला आणि म्हणाला, “बाई, लई वाट बघायला लावलीसा.” सुरक्षारक्षकानं माझं आधार कार्ड बघितलं, वहीत नाव लिहायला लावलं, ‘भेटीचे कारण’ या रकान्यात काय लिहू म्हणून मी थांबले तर तोच म्हणाला, “लिवा, कॉलेज बघणे.”

फाटकाबाहेर डी. एन. रोडचा आणि पुलाचा गोंगाट. आत वीस पावलं गेलं की आवाज झाडांत अडकतो. आवार तसं लहानच आहे. कला, उपयोजित कला, वास्तुकला, सगळी मंडळी एकाच कुंपणात. २०२३ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जाही मिळालाय, पण आकारानं आमच्या तालुक्याच्या कॉलेजचं मैदान याच्यापेक्षा मोठं असेल. मुख्य इमारत काळ्या दगडाची, कमानींची, उंच खिडक्यांची. आराखडा जॉर्ज ट्विग मोल्सी यांचा. शाळा इथं राहायला आली १८७८ साली. म्हणजे जन्मल्यापासून एकवीस वर्षं तिला स्वतःचं घर नव्हतं. पायऱ्यांवर पोरं-पोरी बसून एकमेकांची स्केचेस करत होती. मी जाताना एकीनं माझंही काढायला घेतलं; मी मुद्दाम चाल कमी केली.

पण मला ओढ होती ती बंगल्याची. मुख्य इमारतीपासून बाजूला, झाडांच्या गर्दीत तो उभा आहे. हिरवा. खालचा भाग दगडी, वर सगळं लाकडाचं काम, लाकडी जाळ्या, कोरीव टेकू, उतरतं छप्पर. मुंबईत, आणि तीही फोर्टाच्या तोंडाशी, असं घर अजून शिल्लक आहे यावर डोळ्यांचा विश्वास बसत नाही. कोकणातल्या एखाद्या खोताचं घर साहेबानं पुन्हा बांधावं, तसा काहीसा थाट. याला डीन्स बंगलो म्हणतात, कारण शाळेचे प्रमुख इथं राहायचे. त्या दिवशी दार बंद होतं. आम्ही चारी बाजूंनी फिरून बघितलं.

आणि तिथं ‘जंगल बुक’ लिहिणाऱ्या रुडयार्ड किपलिंगचा अर्धपुतळा आहे, पाटी आहे. पाटीचं म्हणणं असं की लॉकवुड किपलिंग यांचा मुलगा रुडयार्ड इथं ३० डिसेंबर १८६५ रोजी जन्मला. पोरगा म्हणाला, “परदेशी लोक येतात बाई, पाटीसंगं फोटो काढतात आणि जातात.”

आता माझा धंदा पेपर तपासण्याचा. हा बंगला बांधला गेला १८८२ साली. बाळ जन्मलं १८६५ साली. मधे सतरा वर्षं. बरं, बाप तरी इथं होता का? या शाळेत शिकवणारे लॉकवुड किपलिंग १८७५ सालीच मुंबई सोडून लाहोरला गेले, तिथल्या नव्या कलाशाळेचे प्रमुख म्हणून. म्हणजे बाप गेल्यावर सात वर्षांनी बांधलेल्या घरात मुलगा जन्मला. किपलिंग कुटुंबाचं घर वेगळं होतं, ते गेलं. हा बंगला नंतरचा. असा घोळ उत्तरपत्रिकेत दिसला की मी लाल पेनानं गोल करते आणि समासात प्रश्नचिन्ह काढते. इथं काय करणार? पोरगा म्हणाला, “मग पाटी काढायला पायजे का?” मी म्हटलं, “काढायची कशाला? शेजारी दुसरी लावावी.” तो हसला. माझ्या वर्गातला नियम त्याला आठवला असणार. चित्रात चूक झाली तर खोडरबराला हात लावायचा नाही. चुकलेली रेघ राहू द्यायची, शेजारी बरोबर रेघ काढायची. रबरानं कागद काळा होतो आणि चूक कुठं झाली ते कळतही नाही.

तर दुसरी पाटी लावायचीच झाली, तर तिच्यावर काय लिहावं यावर आम्ही दोघं बंगल्याच्या मागे कट्ट्यावर बसून बराच वेळ बोललो. डब्यात बहिणीनं दिलेलं थालीपीठ होतं.

आधी बापाचं लिहायला हवं, पोराचं नंतर. जॉन लॉकवुड किपलिंग हा मूळचा शिल्पकार. १८६५ साली लग्न करून लगोलग बायकोला घेऊन मुंबईत आला, शाळेत शिल्पकाम शिकवायला. त्या सुमाराला शाळेत तीन कार्यशाळा सुरू झाल्या होत्या. शिल्पाची किपलिंगकडे, सजावटी चित्रकामाची ग्रिफिथ्सकडे आणि लोखंडी नक्षीकामाची हिगिन्सकडे. किपलिंगनं गावोगाव फिरून कारागिरांची पेन्सिल-चित्रं काढली आहेत. विणकर, सोनार, सुतार, आपापल्या कामात मान खाली घालून बसलेले. तो साहेब होता, पण माणसाची बैठक बरोबर ओळखायचा. आपल्या पाटावर बसणाऱ्या माणसाचे गुडघे साहेबाला सहसा जमत नाहीत.

पोराचं नाव रुडयार्ड, कारण आई-बाप इंग्लंडात ज्या तळ्याकाठी भेटले त्या तळ्याचं नाव रुडयार्ड. आपल्याकडे रंकाळा नाव ठेवल्यासारखं. त्याची आया कॅथलिक होती आणि घरात मीता नावाचा हिंदू नोकर. म्हातारपणी लिहिलेल्या आठवणींत तो सांगतो की पहाटे आयाबरोबर फळबाजारात जायचं, दुपारी त्या दोघांकडून गोष्टी ऐकायच्या, आणि मग आई-बाबांपुढे जाताना बजावलं जायचं की आता इंग्रजी बोल. कारण पोरगा विचार करायचा तो इथल्याच बोलीत. पाच वर्षांचा असताना त्याला इंग्लंडला धाडलं. पुढे त्यानं जे लिहिलं त्यात साम्राज्याचा तोरा पुष्कळ आहे आणि त्याचा मला राग येतो. पण आयाच्या कडेवरून इथल्या भाषेत स्वप्नं बघणारं ते पोर डोळ्यापुढे आलं की राग तेवढ्यापुरता बाजूला ठेवावा लागतो.

मग ग्रिफिथ्स. १८७२ पासून जवळजवळ तेरा वर्षं हा माणूस विद्यार्थी घेऊन अजिंठ्याला जात राहिला, भिंतीवरच्या चित्रांच्या नकला करायला. पेस्तनजी बोमनजी त्या पोरांतले, पुढे स्वतः नावाजलेले चित्रकार झाले. अंधाऱ्या लेण्यात, वटवाघळांच्या वासात, मोठमोठ्या कॅनव्हासवर. त्या नकला लंडनला पाठवल्या आणि १८८५ साली तिथं आग लागली, बऱ्याच जळून गेल्या. हे मी पोराला सांगत होते तेव्हा तो गप्प झाला. नंतर म्हणाला, “बाई, पोरांनी केलेल्या होत्या त्या.” त्याच्या डोक्यात अजिंठा नव्हता. सबमिशन होतं.

आणि आमचं कोल्हापूर. आबालाल रहिमान इथंच शिकले आणि परत जाऊन रंकाळ्याच्या आणि पंचगंगेच्या पाण्यावरचा उजेड रंगवत बसले. महादेव विश्वनाथ धुरंधर, जन्म कोल्हापूरचा, १८६७. १८९० साली या शाळेत विद्यार्थी म्हणून आले ते १९३१ पर्यंत इथंच. आधी शिकले, मग शिकवलं, मग हेडमास्तर, आणि शेवटी काही काळ संचालकपदाचा कार्यभारही त्यांच्याकडे होता. त्या खुर्चीवर बसलेले पहिले भारतीय. एक्केचाळीस वर्षं! पाच वर्षं राहिलेल्याचा पुतळा, एक्केचाळीस वर्षं राहिलेल्याचं नाव मला माहीत असतं कारण मी कोल्हापूरची आहे आणि ड्रॉइंगची आहे. पोरगा म्हणाला, “बाई, आमच्या वर्गातल्या निम्म्यांना धुरंधर म्हणजे दुकान वाटतं.” रंगांचं दुकान म्हणाला असता तरी चाललं असतं.

मग त्याच्या विभागात गेलो. ओल्या मातीचा वास, गोणपाटाखाली झाकलेली डोकी, तारांची आर्मेचरं, म्हणजे मूर्तीच्या आतले सांगाडे. गणपतराव म्हात्रे यांनी १८९६ मध्ये, वीस वर्षांचे असताना, विद्यार्थी म्हणून केलेली ‘मंदिरपथगामिनी’ याच शाळेच्या संग्रहात आहे. पूजेला निघालेली तरुण मुलगी, नऊवारीच्या चुण्या. प्लास्टरमध्ये लुगडं ओलं वाटावं असं करायचं म्हणजे काय हे शिल्पाचा पोरगाच सांगू शकतो, आणि त्यानं मला ते हातवारे करून अर्धा तास सांगितलं. त्याचं स्वतःचं काम बैल. बेंदराचा मातीचा बैल असतो ना, आखूड पायांचा, वशिंड मोठं, त्याच घडणीचा, पण माणसाएवढा उंच. सातवीत असताना वस्तुचित्राच्या तासाला मडकं काढायचं सोडून हा पोरगा बाकाखाली नदीकाठची माती मळत बसायचा. मी दोनदा माती जप्त केली होती. ती कपाटात वाळून दगड झाली.

निघताना तो मला मुख्य इमारतीच्या कोपऱ्यावर घेऊन गेला. “बाई, तुमचं ऑफिस.” कला संचालनालय. तीस वर्षं लिहिलेला पत्ता. मी आत गेले नाही. निवृत्त माणसानं ऑफिसात गेलं की कुणीतरी एक फॉर्म हातात देतंच. पण तिथं उभी असताना एक साल डोक्यात घोळत होतं, १८७९. शाळा या इमारतीत आली त्याच्या पुढच्याच वर्षी इथं ड्रॉइंग शिकवणाऱ्या मास्तरांना तयार करण्याचं काम सुरू झालं, प्रांतातल्या शाळाशाळांत चित्रकला शिकवायला. चित्रकार घडवण्याची गोष्ट वेगळी, त्यांची नावं राहतात. ते मास्तर मात्र कुठं कुठं गेले असतील. धारवाड, कराची, रत्नागिरी, सातारा. फळ्यावर घडा, पेला, चेंडू आणि पुस्तक काढून दाखवणारे. आमच्या शाळेच्या कपाटात लाकडी घनाकृतींचा एक जुना संच होता, शंकू, गोल, घन, चिरफळलेला. तो कुणी आणला होता ते कुणालाच आठवत नव्हतं. बांधकाम झालं तेव्हा टाकून दिला. आता वाटतं, मी घरी आणायला हवा होता.

मंगळवार

रात्रीची गाडी. दिवस मोकळा. बहिणीचे यजमान म्हणाले, “खरेदी नाही का करायची?” म्हणून क्रॉफर्ड मार्केट, पण माझा मतलब वेगळा होता.

१८६९ साली हे मार्केट पुरं झालं. आराखडा विल्यम इमर्सन यांचा; नाव आर्थर क्रॉफर्ड यांचं, मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर. आता नाव महात्मा जोतीराव फुले मंडई, आणि प्रवेशाच्या कमानींवरची शिल्पं बघितली की हे नाव आधीपासूनच ठरलेलं असावं असं वाटतं. शेतकरी आहेत, माल आहे, डोईवर पाट्या आहेत. कोरणारा लॉकवुड किपलिंग. आतलं कारंजंही त्याच्या हातचं. पाटीवर ज्याचा फक्त ‘वडील’ म्हणून उल्लेख, त्याचं काम रस्त्यापलीकडे उघड्यावर आहे, आणि त्याच्याखालून रोज हजारो माणसं पेरू आणि पपया घेऊन जातात. मी वर बघत उभी राहिले तर एक हमाल ओरडला, “मावशी, बाजू!” त्याच्या डोक्यावर पाटी होती, वरच्या दगडातल्या माणसाच्या डोक्यावर होती तशीच, फक्त यात थर्माकोल.

स्ट्रॉबेरी घेतली. विकणारा म्हणाला, “महाबळेश्वरची आहे, असली.” साताऱ्यावरून येणाऱ्या बाईला मुंबईत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी. घेतली तरी. बहिणीला दोन खोकी, मला एक.

दुपारी परत आवारात गेले. वहीत पुन्हा नाव, आज कारणाच्या रकान्यात मी विचारायच्या आधीच लिहिलं, ‘स्केच’. रक्षकानं वर बघितलं, काही बोलला नाही. कट्ट्यावर बसून बंगला काढायला घेतला. बऱ्याच दिवसांत बाहेर बसून काढलं नव्हतं. शाळेत तीस वर्षं आपण दुसऱ्यांच्या चित्रांवर हात फिरवतो, स्वतःचं राहून जातं. लाकडी जाळी काढताना मजा आली. झाडं नेहमीसारखी वाढत गेली. पुतळा कोनात येत होता. मी तो कागदाबाहेर ठेवला, मग वाईट वाटलं आणि छोटासा काढला.

पोरगा तास संपवून आला. मागे उभा राहिला. बराच वेळ. मला त्याच्या श्वासावरूनच कळलं.

“बोल की.”

“काही नाही बाई, भारी आलंय.”

“तिसऱ्या वर्षाला आहेस, खोटं बोलू नकोस.”

मग तो खाली वाकला आणि बोट कागदाला न लावता दाखवलं. “ही छपराची कड. डावीकडं जरा जास्त वर गेली. त्या खांबाशी जुळत नाही.”

मी चष्मा वर केला, पेन्सिल उभी धरून एक डोळा मिटला. बरोबर होतं. परस्पेक्टिव्ह चुकलं होतं, पहिल्या वर्षाच्या पोरासारखं. कड दीड-दोन मिलिमीटर खाली यायला हवी होती. मी पिशवीत खोडरबर शोधायला लागले. पाकीट, तिकीट, बहिणीनं दिलेले लाडू, स्ट्रॉबेरीचं खोकं.

“बाई,” तो म्हणाला, “खोडू नका. शेजारी काढा.”

काढली. तोवर खोक्यातला रस गळून पिशवीतल्या तिकिटापर्यंत पोचला होता, आणि ते वाळवायला आम्ही बंगल्याच्या कठड्यावर पसरलं.